शिसवी म्हणून वाढलेली खुर्ची

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी पडवीत एक लांब हातांची आरामखुर्ची आहे. आजोबा दुपारी तीत पाय पसरून, पेपर तोंडावर घेऊन झोपत. कोणी पाहुणा आला की आजी हमखास सांगे, "आमच्या लग्नातली. शिसवी." लग्न १९३८चं. त्यामुळे खुर्ची १९३८ची आणि लाकूड शिसवाचं, हे आम्हां नातवंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. गेल्या वर्षी गणपतीत ती खुर्ची खोलायला घेतली, तेव्हा पाढे चुकलेले निघाले.

खोलायला घेतली कारण तिच्यात बसणं धोक्याचं झालं होतं. बैठकीचं वेत कधीच फाटलं होतं, त्यावर कोणीतरी प्लायवूडचा तुकडा ठोकला होता. उजवीकडे टेकलं की अख्खी खुर्ची कुरकुरत एका अंगाला झुके. आणि काकांच्या लग्नात घराला रंग देताना उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट तिलाही फासला गेला होता, दोन हात. पुण्यात एका दुकानात मी फोटो दाखवले. ते म्हणाले, "सगळं घासून पीयू पॉलिश मारून देतो, एकदम नवीनसारखी दिसेल." नवीनसारखीच हवी असती तर नवीन घेतली असती की.

म्हणून वाडीतल्या मेस्त्रींकडे गेले. सत्तरी उलटलेली, हल्ली दारं-खिडक्या मुलगा करतो, हे फक्त मखरांच्या दिवसांत हत्यारं काढतात. त्यांनी खुर्ची उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि पायांच्या सांध्यांवरून नुसता अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही मोडूक नाय बाय. तुमी दुरुस्त करून मोडलास."

त्याचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले. पहिला अख्खा दिवस आम्ही फक्त खिळे काढले. तेवीस खिळे. सांधा हलायला लागला की कोणीतरी एक खिळा मारायचा, वर्षभराने तो ढिला झाला की शेजारी दुसरा. समुद्राची हवा, त्यामुळे खिळे गंजून फुगलेले, आणि फुगताना त्यांनी लाकूड आतून चिरलेलं. प्रत्येक खिळ्याभोवती शाईचा डाग पडावा तसा काळा डाग. एका सांध्यात पांढरा डिंक ओतलेला होता. पण तो ओतला होता पन्नास वर्षांच्या मळावर, त्यामुळे त्याने चिकटवलं काहीच नाही, फक्त खोबण बुजवून ठेवली. मेस्त्री पटाशीच्या टोकाने तो पापुद्र्यासारखा सोलत होते आणि दर वेळी "वा, वा" म्हणत होते.

खिळे निघाले तेव्हा कुठे मूळ खुर्ची दिसू लागली. ती पाहून मी थक्क झाले, कारण मूळ कामात एकही खिळा नव्हता.

सगळी खुर्ची कुसू आणि खोबणीवर उभी. आडव्या पट्टीच्या टोकाला जिभेसारखं कुसू, पायात तेवढ्याच मापाची खोबण, आणि दोन्हींतून आरपार जाणारी बांबूची खुंटी. इतपत मला पुस्तकी माहीत होतं. माहीत नव्हतं ते खुंटीचं गुपित. मेस्त्रींनी आतल्या बाजूने पंच लावून हळू ठोके दिले, खुंटी बाहेर आली आणि त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. पेन्सिलीएवढी जाड, दोन इंच लांब, मधाच्या रंगाची. पण सरळ नव्हती. मधोमध किंचित लचकलेली, जशी पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशी.

मला वाटलं वयाने वाकली. मेस्त्री हसले. पायाचं भोक आणि कुसवाचं भोक मुळातच एका रेषेत पाडायचं नसतं. कुसवाचं भोक अर्धं सूत खांद्याकडे, म्हणजे पट्टीतून कुसू जिथे सुरू होतं त्या कडेकडे, सरकवून पाडायचं. (सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, मेस्त्रींना मिलिमीटर समजतात, पण आवडत नाहीत.) मग टोकदार केलेली खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते, आणि तसं करताना पट्टीचा खांदा पायावर करकचून ओढला जातो. खुंटी आत लचकते आणि तशीच धरून राहते. क्लॅम्प नको, डिंक नको. आमच्याकडे सरसाचा भरवसा तसाही कोणी धरत नसे. सरस हाडाकातड्यांचा, चार महिने पावसाळी ओल खाल्ली की नरमतो आणि वर बुरशी येते. खुंटीला ओलीचं काही नाही. आणि कधी सांधा सैल झालाच, तर खुंटी काढा, जरा जाड नवी मारा, दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांऐवजी आमच्या घराने चाळीस वर्षं खिळे मारले.

आठ खुंट्या काढल्या. लाकडाचा ठोकळा आड धरून हातोडीने ठोके द्यायचे आणि सांधा सरळ रेषेत ओढायचा, एवढं मला जमू लागलं होतं. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करत होते. तिसऱ्या दिवशी मेस्त्री जेवायला गेले. मला हुरूप आलेला. राहिले होते फक्त दोन हात. आधी उजवा घेतला, तो पुढच्या कातीव पायाच्या डोक्यावर बसला होता. खुंटी दिसत नव्हती, म्हटलं नसेल. ठोकळा धरला, ठोका दिला. हललं नाही. जोरात दिला. मग खालून पाय लावून ओढलं.

'कटक'.

हात निघाला, पण पायाचं कुसू हाताच्या आतच राहिलं. मेस्त्री परत आले तेव्हा मी मोडलेलं टोक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आधी हाताची खोबण उजेडाकडे केली, मग मला दाखवली. आत अडकलेल्या कुसवाला मधोमध चीर होती आणि त्या चिरेत एक बारीकशी पाचर. "आंधळी पाचर ती. ती उघडूची नसता."

ही करामत अशी. खोबण तोंडाशी अरुंद आणि आत तळाशी थोडी रुंद कोरायची. कुसवाच्या टोकाला करवतीने चीर घ्यायची, चिरेत पाचरेचं नुसतं टोक अडकवायचं आणि कुसू खोबणीत ठोकायचं. पाचर खोबणीच्या तळाला टेकते, पुढे जायला जागा नाही म्हणून कुसवातच घुसते आणि कुसू आतल्या आत फाकतं. बाहेरून काही दिसत नाही. ठोकताना माप चुकलं तर दुसरी संधी नाही, आणि एकदा बसलं की पुन्हा निघत नाही. हातावर रोज दंडाचा भार येणार, उठताना माणूस त्यालाच धरून उठणार. म्हणून आठ सांधे खोलता येतील असे आणि हे दोनच कायमचे. कोणता सांधा उघडावा लागेल आणि कोणता कधीच उघडू नये हे त्या सुताराने ठरवून केलं होतं, आणि त्याने जो उघडू नये म्हटला होता तोच मी पाय लावून उघडला.

मी रडवेली झाले होते, पण मेस्त्रींचं लक्ष भलतीकडेच होतं. ताज्या मोडलेल्या लाकडावर बोट ठेवून ते हसत होते. आत रंग होता हळदीसारखा पिवळा.

"शिसव खंयची? फणस हा ह्यो!"

फणस. शिसव आतून जांभळट काळी असते आणि वजनाला इतकी जड, की ही खुर्ची मी एकटीने पडवीतून अंगणात आणलीच नसती, हे आता सुचतंय. फणसाचं लाकूड कापल्यावर पिवळंधमक असतं. त्यात मोरीन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाच्या काढ्यात रंगवत, ती याच रंगामुळे. उजेड आणि हवा लागत गेली की तो पिवळा मावळतो आणि लाकूड आधी मध, मग गूळ, मग काळपट तपकिरी होत जातं. वर पुन्हा चॉकलेटी रंग. आजीची फसवणूक कोणी केली नव्हती. लाकूड स्वतःच शिसवासारखं दिसायला लागलं होतं.

मला क्षणभर वाईट वाटलं, हे कबूल करते. मेस्त्रींना उलट खुर्चीबद्दल आदर वाढला. साग-शिसव बाहेरून विकत आणावी लागे, फणस परसातला. वाळवी त्याला सहज धरत नाही आणि तो रंध्याला बरा. सुताराने लाकूडही डोळसपणे निवडलं होतं. मागचे पाय खाली मागे झुकतात, कारण बसणाऱ्याचा सगळा भार मागे जातो आणि पाय सरळ असते तर खुर्ची उताणी पडली असती. तो बाक सरळ फळीतून कापता येतो, पण मग लाकडाचे धागे बाकापाशी तुटतात आणि पाय तिथेच मोडतो. या खुर्चीच्या मागच्या पायांत धागा बाकाबरोबर वळत गेलेला होता. झाडावरच तसं वळलेलं लाकूड बघून घेतलं असणार. मधे कधीतरी एका दुरुस्तीत खाली लावलेला वाकडा आधार मात्र सरळ फळीतून कापलेला होता. तो बरोब्बर बाकापाशी मोडला होता.

मग वयाची गंमत. या खुर्चीच्या प्रत्येक हाताखाली एक लांब दांडी असते. ती फिरवून पुढे काढायची आणि तिच्यावर पाय टाकायचे. साहेबाच्या काळात मळेवाल्यांच्या बंगल्यांतून आणि डाकबंगल्यांच्या व्हरांड्यांतून अशा खुर्च्या असत. तिथे पाहून गावोगावच्या सुतारांनी त्या उचलल्या. दांडी ज्या लोखंडी सळईभोवती फिरते तिची टोकं ठोकून पसरवलेली होती, आणि खाली वायसर म्हणून काहीतरी गोल होतं. रंग खरवडला तर तांबूस धातू, त्यावर मुकुट आणि आकडे. १९४४. भोकाचा पैसा! १९४३ ते १९४७ पर्यंत निघालेलं ते मधे मोठं भोक असलेलं नाणं. महायुद्धात धातू वाचवायला भोक पाडलं आणि आमच्या सुताराला आयतं वायसर मिळालं. दोन्ही बाजूंना एकेक, दोन्ही १९४४चे.

तर १९३८च्या लग्नातली खुर्ची १९४४चं नाणं पोटात घेऊन कशी? सळई नंतर कधी बदलली असेल, असं आईचं म्हणणं. मेस्त्री मान हलवतात. सळईच्या भोकाला दुसऱ्या सळईची झीज नाही, पहिलीच सळई ही. माझं मत मेस्त्रींच्या बाजूने आहे, पण आजीसमोर हे बोलायची हिंमत मला झाली नसती.

मोडलेल्या कुसवाचं काय केलं ते सांगते. पायाचं डोकं सपाट करून त्यातच खाली दीड इंच खोबण कोरली आणि स्वतंत्र नवं कुसू बसवलं, अर्धं पायात, अर्धं हातात. लाकूड मेस्त्रींच्या माळ्यावरच्या जुन्या फणसाच्या चौकटीचं. नवं ओलं लाकूड लावलं असतं तर ते सुकून आकसलं असतं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र सतत फुगतं-आकसतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. याचा पुरावा पुढच्या कातीव पायातच होता. चरकावर तो गोलच उतरवलेला असणार. मी डिजिटल कॅलिपर लावला, एका बाजूने ५६.८ मिलिमीटर, काटकोनात फिरवून ५५.६. ऐंशी वर्षांत पाय अंडाकृती झाला होता. हातात नुसता धरला तर कळत नाही. हाताकडच्या अर्ध्या भागाला मेस्त्रींनी पुन्हा आंधळी पाचरच दिली. "आता परत उघडू नको," एवढंच म्हणाले.

रंग काढायला रसायन वापरलं नाही. बाटली फोडून काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडायचं, ही मेस्त्रींची पद्धत. धार बोथट झाली की नवा तुकडा. काच हातात तिरपी धरली की चॉकलेटी रंगाच्या कुरळ्या निघतात आणि खालचं जुनं पॉलिश तसंच राहू शकतं. डाव्या हातावर हे छान जमलं. उजव्या हाताला मी कंटाळून पॉलिश पेपर चालवला आणि पाहता पाहता आजोबांच्या कोपराने काळा झालेला थर गेला, खाली हळद निघाली. एक हात गुळासारखा, एक हळदीसारखा. नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, लग्न कुठल्या हाताचं?

वेत विणणं मेस्त्रींना येत नाही. गावात आता कोणालाच येत नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या कचेरीत वर्षातून एकदा एक अंध गृहस्थ खुर्च्यांचं वेत विणायला येत. बोटाने भोकं मोजत आणि आमच्याकडे तोंड करून क्रिकेटच्या गप्पा मारत. तेव्हा नीट पाहिलं असतं तर! पण नशिबाने पाठीचं वेत शाबूत होतं. तेच माझं पुस्तक झालं. ठाण्याहून वेताची पात नेली, पाठ समोर उभी केली आणि बैठकीला सुरुवात केली.

पुढच्या पट्टीत ४१ भोकं, मागच्या ३७. दोन्ही विषम, म्हणजे मधलं भोक सापडतं आणि तिथून सुरू करायचं. पात वीस मिनिटं पाण्यात भिजवायची, चकचकीत बाजू वर. पहिला थर उभा. दुसरा त्यावर आडवा, नुसता टाकलेला. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्या किंचित उजवीकडे. चौथा आडवा, आणि इथे खरं विणणं सुरू होतं, एकावरून, एकाखालून. इथवर बैठक चौकड्यांच्या कापडासारखी दिसते. मग दोन तिरपे थर. एक तिरपी उभ्यांवरून आणि आडव्यांखालून, दुसरी नेमकी उलट. हे उलटसुलट झालं की पात चौकडीच्या कोपऱ्यात अलगद बसण्याऐवजी घासून अडते आणि तिच्या कडा पिंजतात. बरोबर असेल तर ती आपणहून घसरत कोपऱ्यात जाते. मी पहिली तिरपी बावीस ओळी चुकीची विणली. हात सांगत होता, पात अडते आहे. मला वाटलं, नवी आहे म्हणून. सगळी उसवली. वेताला दिशाही असते. पातीवर जिथे पानं असतात तिथे बारीक गाठी, एका बाजूने ओढली तर सुळकन जाते, दुसऱ्या बाजूने ओढली तर प्रत्येक भोकात अडखळते. हेही उसवतानाच कळलं.

शेवटी काठावर एक रुंद पात भोकं झाकत फिरवली. चार दिवस लागले आणि दोन्ही अंगठ्यांची कातडी गेली. विणून झालं तेव्हा बैठक ओली आणि जरा सैल वाटत होती, सकाळी सुकली तेव्हा बोटाने वाजवली तर डफासारखी वाजली. पुढे कधी सैल झाली तर खालून ओल्या फडक्याने पुसून सुकू द्यायची, पुन्हा ताणते. खालूनच, कारण वरची बाजू गुळगुळीत, ती पाणी पीत नाही.

पॉलिश जानेवारीपर्यंत थांबवलं. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून लावायचा, आणि हवेत ओल असली की तो वाळताना पांढरा पडतो. लिटरभर स्पिरिटला दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर ठेवून गाळून घेतला. मलमलीत कापसाचा बोळा बांधून, एकावर एक पातळ हात. हात थांबला की डाग. एकूण चौदा हात दिले, मधले दोन खरवडून पुन्हा.

खुर्ची पडवीत गेली ती शिमग्याच्या आधी. पहिले बसले मेस्त्री, न विचारता. दोन्ही दांड्या फिरवून पुढे काढल्या, पाय टाकले, आणि तिथूनच माझ्या आईला चहा सांगितला.

जूनच्या शेवटी आईचा फोन आला. उजवी दांडी अडकली आहे, फिरतच नाही, तेल सोडू का? मी मेस्त्रींना विचारायला सांगितलं. ते पडवीत आले, दांडीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "पावसात फुगली. दिवाळीक सुटतली." तोवर आई उजवा पाय खालीच ठेवून बसते. हळदीचा हात आता मधासारखा झालाय म्हणे.